इंटरनेटचं गायरान

[दृश्य: लॅपटॉपवर राऊटरचं स्टेटस पान, जवळून]

या पानावरच्या दोन ओळी बघा. खालची १९२.१६८.१.१. हा घरातल्या बाजूचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक; राऊटरच्या पाठीवर छापलेला असतो तोच. वरची १००.७२.१८.५. हा इंटरनेट कंपनीने दिलेला. पण बाहेरच्या इंटरनेटवरून या पत्त्यापर्यंत कुणालाच पोहोचता येत नाही. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते गावच्या गायरानासारखे आहेत. कुठल्याही पुरवठादाराने वापरावेत, मालकी कुणा एकाची नाही.

[दृश्य: मायामीतला समारंभ, जुनं चित्रण]

३ फेब्रुवारी २०११, मायामी. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; तिच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पत्ते वाटणाऱ्या पाच खंडीय नोंदणी संस्थांना दिले जात आहेत. एकेका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते. जागतिक साठा इथे संपला. ग्राहक मात्र वाढतच होते.

मग एकाच पब्लिक आयपीमागे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर दिसणाऱ्या एकाच पत्त्यामागे, अनेक घरं बसवायची, असा मार्ग निघाला. आपल्याकडचे केबलवाले याला सीजीनॅट म्हणतात. पण कंपनी आणि घर यांच्या मधल्या पट्ट्यात पत्ते कुठले द्यायचे? दहाने सुरू होणारे खाजगी पत्ते १९९६ पासून सगळ्यांना मोकळे होते. अडचण अशी, की तेच पत्ते काही घरांतल्या राऊटरमध्येही असतात. दोन्ही बाजूंना सारखेच पत्ते आले, की काही राऊटर गोंधळतात आणि नेट बंद पडतं. काही पुरवठादार तर दुसऱ्यांच्या नावावरचे पत्ते आतल्या आत वापरत होते.

[दृश्य: आरएफसी ६५९८ चं पहिलं पान, हळूहळू वर सरकतं]

उत्तर अमेरिकेच्या नोंदणी संस्थेत, एरिनमध्ये, मागणी आली: यासाठी पत्त्यांचा एक सामायिक पट्टा राखून ठेवा. हा अधिकार एरिनचा की इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफचा, यावर खल झाला आणि विषय आयईटीएफकडे गेला. तिथे विरोध कडवा होता. पत्त्यांचा दुष्काळ असताना एवढे पत्ते बाजूला काढायचे? जुन्या व्यवस्थेला टेकू दिला तर आयपीव्ही६ कडे, म्हणजे कितीतरी जास्त पत्ते असलेल्या नव्या पद्धतीकडे, कोण वळेल? प्रश्न रास्त होते. पण प्रत्येक कंपनीने याच कामासाठी स्वतंत्र पत्ते मागितले असते, तर साठा कितीतरी वेगाने आटला असता. म्हणून पट्टा राखून ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, असं आम्हाला ठामपणे वाटतं. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८, म्हणजे हा पट्टा राखून ठेवणारा आयईटीएफचा दस्तऐवज, प्रसिद्ध झाला. अट स्पष्ट होती: हे पत्ते पुरवठादाराच्या हद्दीबाहेर जाता कामा नयेत.

[दृश्य: तालुक्याच्या गावातली केबल ऑपरेटरची खोली, रॅक, पिवळ्या फायबरच्या वायरी]

ही खोली आणि बाजारपेठेतली शेकडो घरं यांच्या मधला पट्टा तोच, शंभर-चौसष्टचा. शेजारच्या तालुक्यातला ऑपरेटर हेच आकडे वापरतो आणि दोघांची कधी टक्कर होत नाही. नवं कनेक्शन जोडताना घरातला जुना राऊटर बदलावा लागत नाही. छोट्या पुरवठादाराला धंदा करता येतो, तो यामुळे.

ग्राहकाला मात्र घरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून थेट उघडता येत नाही आणि एकाने गैरवापर केला तर त्याच पब्लिक आयपीमागची बाकीची घरंही ब्लॉक होतात.

[दृश्य: ऑपरेटर राऊटरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ सुरू करतो]

याला पक्का इलाज आयपीव्ही६. भारतातल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी तो दिला आहे. तुमच्या केबलवाल्याने दिला नसेल, तर पुढच्या रिचार्जच्या वेळी त्याच्याकडे मागा.