थंडी बाहेर, आजार घरात

मंडळी, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिकपासून पुण्यापर्यंत संध्याकाळी सहालाच खिडक्या लागतात. दाराखालच्या फटीत पायपुसणं सारलं जातं आणि चार-पाच माणसं रात्रभर तीच हवा पुन्हा पुन्हा घेत झोपतात. आठवड्याभरात एक शिंकला की सगळे शिंकतात, आणि दोष जातो थंडीला. आज मला मुख्यतः या बंद खोलीबद्दल बोलायचं आहे.

थंडीचा वाटा अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. सर्दीचे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतला सर्वांत नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा ३३ ते ३५ अंशांत जोमाने वाढतो, आणि गार हवेत नाकाच्या आतलं तापमान तेवढ्यावर उतरतं. नाकाच्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस शेंबूड सतत घशाकडे ढकलत असतात. त्यात अडकलेले जंतू गिळले जातात आणि पोटातल्या आम्लात बहुतेक संपतात. हवा कोरडी आणि गार झाली की शेंबूड घट्ट होतो, केस मंदावतात. पण विषाणू कुणाकडून तरी यावा लागतो, आणि तो देणारा माणूस बहुधा आपल्याच खोलीत बसलेला असतो.

म्हणून पहिलं काम खिडकीचं. ऊन वर आल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटं पूर्ण उघडा. समोरासमोरच्याच, कारण एकाच बाजूने हवा नीट हलत नाही. पहाटे नको, त्या वेळी गार हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो आणि कचरा जाळल्याचा, वाहनांचा धूर त्यात कोंडलेला असतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी फिरायलाही आठनंतरच निघावं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो; उन्हाळ्यात बरोबर बसलेला गोळीचा डोस हिवाळ्यात कमी पडू शकतो. डिसेंबरात एकदा रक्तदाब तपासून घ्या. रात्री एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, गारवा वाटला तर अंगावर आणखी एक गोधडी घ्या.

याच बंद खोलीचं सर्वांत घातक रूप म्हणजे गॅस गिझर लावलेलं बाथरूम. यावर जरा थांबतो, कारण इथे सर्दी नाही, जीव जातो. गॅस जळायला प्राणवायू लागतो. छोट्या बाथरूममध्ये दार लावलेलं, झडप थंडीसाठी बंद केलेली. काही मिनिटांत प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायला हवी हे कळतं, पण हात उचलत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या, नळी आत आणा. तो बदल होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग अंघोळीला जा. निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर तो वापरू नका, मेकॅनिकला बोलवा. कुणी आत बेशुद्ध सापडलं तर दारं-खिडक्या उघडून त्याला आधी बाहेर मोकळ्यावर आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं खोलीत घेऊन झोपण्यातही हाच धोका आहे. शेकोटी अंगणातच पेटवा.

आता काढ्याबद्दल. रोगप्रतिकारशक्ती ही काही पाण्याची टाकी नाही की वरून ओतलं आणि पातळी चढली. सर्दीत येणारा ताप, अंगदुखी, वाहणारं नाक हे बरंचसं त्या शक्तीचंच काम चालू असल्याचं लक्षण असतं. नखाएवढं आलं, चार-पाच तुळशीची पानं, थोडा गूळ घालून दिवसातून एक-दोन कप घेतले तर घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. बिघडतं ते प्रमाण. मिरी-सुंठ-दालचिनी मुठीने घालून चार-चार वेळा प्यायलं की छातीत जळजळ ठरलेली. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळावा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. महिनोन्महिने आपल्या मनाने घेऊ नका.

वाफेने नाक मोकळं वाटतं, सर्दीचे दिवस कमी होत नाहीत. लहान मुलाच्या डोक्यावर टॉवेल टाकून पुढे उकळतं पातेलं ठेवू नका. ते कलंडून मांड्या भाजतात. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. खोकल्याला झोपताना चमचाभर मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका; त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. नाक मोकळं करणारे औषधी थेंब पाच दिवसांपलीकडे वापरले तर थेंबांशिवाय नाक उघडेनासं होतं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही.

फ्लूची गोष्ट वेगळी. आपल्याकडे तो पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये असा दोनदा डोकं वर काढतो. २००९ च्या स्वाइन फ्लूने पुण्याला काय दाखवलं ते अनेकांना आठवत असेल. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. साठी ओलांडलेले, गरोदर बायका, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांशी बोलून ती वेळेत घ्यावी. एवढा भरवशाचा दुसरा उपाय कुठल्याही बरणीत मिळत नाही.

खाण्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण भोगीच्या भाजीने ते आधीच सांगून ठेवलं आहे. पावटा, हरभरा, गाजर, वांगं, शेंगदाणे आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. एक मध्यम पेरू दिवसाच्या क जीवनसत्त्वाची गरज भागवून उरतो. डिंकाचा लाडू एक पुरे. मधुमेहींनी तोही मोजून. तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका. आणि झोप सात तासांची हवी. विषाणू मुद्दाम नाकात सोडून केलेल्या २०१५ च्या एका प्रयोगात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट दिसली.

शेवटी, ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी श्वास मोजायला आजच शिकून घ्या. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, पोट-छातीवर नजर ठेवा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर मोजत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.