केवळ शब्दकोशात राहिलेले इंग्रजी शब्द

नमस्कार. ‘विस्मरणात गेलेले सुंदर इंग्रजी शब्द’ अशा याद्या समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात आणि त्यांत ‘ॲप्रिसिटी’ हा शब्द हमखास असतो. हिवाळ्यातील उन्हाची ऊब, असा त्याचा अर्थ आहे. थंडीने गारठणाऱ्या देशात असा शब्द असणारच, हे आपल्याला चटकन पटते आणि चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रज शेतकरी ऊन खात बसल्यावर हाच शब्द वापरत असतील, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या शब्दाचा माग काढत गेल्यास आपण हेन्री कॉकरम यांच्या १६२३ सालच्या शब्दकोशापाशी पोहोचतो आणि त्या काळातील जो पुरावा मिळतो, तो कोशांमधलाच असतो. जुन्या शब्दांच्या याद्यांत खरोखर बोलले गेलेले शब्द आणि केवळ कोशात नोंदले गेलेले शब्द असे बेमालूम मिसळलेले असतात; आज आपण त्यांच्यातील फरक पाहणार आहोत.

कॉकरम यांनी असा शब्द का नोंदवला असेल, हे समजण्यासाठी त्या काळातील कोशांचे स्वरूप पाहावे लागते. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला कोश रॉबर्ट कॉड्री यांनी १६०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २,५०० शब्द होते, पण पाणी, घर, भाकरी असे रोजचे शब्द त्यात नव्हते, कारण तो केवळ ‘कठीण’ शब्दांचा कोश होता. कॉकरम त्याही पुढे गेले. त्यांच्या कोशाच्या एका भागात साध्या शब्दासमोर त्याचा भारदस्त पर्याय दिलेला होता, म्हणजे ज्याला विद्वान दिसायचे असेल त्याने साधा शब्द शोधावा आणि लॅटिनच्या वळणाचा शब्द उचलावा, अशी ती सोय होती. ‘ॲप्रिसिटी’ हा शब्दही ऊन लागलेल्या जागेचे वर्णन करणाऱ्या लॅटिन विशेषणावरून घडवलेला आहे.

अशा शब्दांची चेष्टा त्यापूर्वीच सुरू झाली होती. शाई ठेवण्यासाठी शिंगाची दौत वापरत असत. तिच्यावरूनच लेखणीबाहेर न पडणाऱ्या या शब्दांना ‘इंकहॉर्न’ असे नाव पडले. थॉमस विल्सन यांनी १५५३ मध्ये वक्तृत्वकलेवरील आपल्या ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक विडंबनपत्रच छापले. गंमत अशी, की त्या पत्रात हास्यास्पद म्हणून घातलेल्या शब्दांपैकी ‘सेलिब्रेट’ आणि ‘सुपीरिऑरिटी’ आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत, तर प्रचंड या अर्थाचा ‘इंजंट’ पार नाहीसा झाला आहे. केंब्रिजचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन चीक यांनी तर बायबलमधील मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना लॅटिन शब्द शक्य तेथे टाळले. शंभर सैनिकांच्या रोमन नायकाला त्यांनी ‘हंड्रेडर’ म्हटले आणि ‘ल्युनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ असा शब्द योजला. देशी मुळांचे असूनही हे शब्द रुजले नाहीत, त्यामुळे शब्द परका आहे म्हणून मरतो, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

याद्यांमधील सगळेच शब्द असे कागदी नसतात, हेही सांगितले पाहिजे. आठवड्यासाठी ‘सेनाइट’ हा शब्द इंग्रजीत दीर्घकाळ प्रचारात होता आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आढळतो. त्याचा मूळ अर्थ सात रात्री. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, आणि हा शब्द आजही जिवंत आहे. इंग्रजी ज्या भाषाकुळातून आली, ते जर्मानिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८च्या सुमारास लिहून ठेवले होते. त्या मोजणीची खूण या दोन शब्दांत उरली आहे. येणाऱ्या परवासाठी असलेला ‘ओव्हरमॉरो’ हा शब्दही १५३५ च्या कव्हरडेल बायबलमध्ये, म्हणजे माइल्स कव्हरडेल यांच्या इंग्रजी भाषांतरात, सापडतो. मराठीत मागचा आणि पुढचा, दोन्ही दिवस ‘परवा’च असतात, तर इंग्रजीत त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द होते आणि आज त्यांपैकी एकही सर्रास वापरात नाही.

आता सर्वांत विलक्षण प्रकार पाहू. ज्या शब्दाला कोणताही जन्मदाता नसतो आणि जो केवळ चुकीतून कोशात शिरतो, त्याला ‘भूतशब्द’ म्हणतात; ही संज्ञा इंग्रज भाषाभ्यासक वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये रूढ केली. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘डॉर्ड’. वेबस्टरच्या कोशासाठी रसायनशास्त्राच्या संपादकांनी १९३१ मध्ये एक चिठ्ठी पाठवली होती. मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे घनतेचे संक्षिप्त रूप आहे, एवढेच तिच्यात म्हटले होते. दोन ‘डी’ आणि त्यांच्यामधील ‘ऑर’ यांतील अंतर कोणाच्या लक्षात आले नाही, त्यामुळे ती अक्षरे सलग वाचली गेली आणि १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाच्या ध्यानात आले, तरीही दुरुस्ती छापली जाण्यास १९४७ साल उजाडले. नोंद काढल्यावर पानावर मोकळी जागा राहू नये, म्हणून शेजारच्या ‘डोरे फर्नेस’ या भट्टीच्या व्याख्येची वाक्यरचना थोडी लांबवण्यात आली.