मुदत, नोंद आणि घर

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर 1995 मध्ये बॉस्नियातली युद्धस्थिती संपल्याचं जाहीर झालं. साडेतीन वर्षांच्या त्या युद्धात 20 लाखांहून अधिक लोक घरातून उठले होते. कोणी देशातच दुसऱ्या टोकाला, कोणी जर्मनीत, कोणी स्वीडनमध्ये. युद्ध थांबलंय हे लोकांच्या नीट कानावर पडायच्या आतच सारायेव्होच्या सरकारच्या कायद्याने मुदत घातली. देशात असाल तर 7 दिवसांत आणि परदेशात असाल तर 15 दिवसांत येऊन आपल्या फ्लॅटमध्ये राहायला लागा, नाहीतर तो तुम्ही कायमचा सोडून दिलात असं धरलं जाईल. रस्त्यांत सुरुंग होते. कालपर्यंत ज्या सैन्याने हाकललं, त्याच्याच चौक्या ओलांडून यायचं होतं. आणि दार उघडायला दुसरंच कुटुंब आत होतं. बहुतेकांना ती मुदत पाळता आली नाही, येणारही नव्हती. युद्धातल्या दुसऱ्या बाजूंनीही, म्हणजे सर्ब आणि क्रोएट नेत्यांनी, आपापल्या भागात याच धर्तीचे कायदे केले.

आजचा माझा विषय या 15 दिवसांपासून सुरू होतो. तोफगोळ्याने घर पडतं ते आपल्याला दिसतं. मुदतीने घर जातं ते दिसत नाही. भिंती जागेवर असतात, खिडक्यांत दिवे असतात, फक्त आतली माणसं बदललेली असतात आणि दप्तरातलं नाव बदललेलं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं जाणं थांबवायला, किंवा निदान उलटवायला, जगात काही संस्था झटत असतात. त्यांच्या कामाबद्दल आपल्या कानांवर फार कमी येतं, याची मला खंत वाटते.

बॉस्नियात पुढे काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो. युद्ध संपवणाऱ्या डेटन करारात एक सातवं परिशिष्ट होतं. 1991 नंतर ज्यांची घरं हिरावली गेली त्यांना ती परत मिळवण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. नुकसानभरपाई देऊन मोकळं व्हायचं नाही, घर तेच परत द्यायचं. दावे तपासायला देशी आणि परदेशी सदस्यांचा एक आयोगही नेमला गेला. आयोगाने निकाल द्यायला सुरुवात केली. पण निकालाचा कागद घेऊन माणूस आपल्या गावच्या कचेरीत गेला की तिथला अधिकारी म्हणायचा, उद्या या. कारण अनेकदा तो अधिकारी किंवा त्याचा भाऊबंद स्वतःच कोणाच्या तरी घरात राहत होता.

ही कोंडी फुटली 1999 मध्ये. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारं आंतरराष्ट्रीय प्रतिनिधींचं कार्यालय, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचं बॉस्नियातलं पथक आणि तो दावे आयोग, असे सगळे एका योजनेखाली आले. कायदे देशभर एकसारखे करण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 22 पदाधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आलं, आणि त्यात घरवापसी अडवणारे होते. मग दोन गोष्टी ठरल्या, आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. दावे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढायचे, मग दावेदार सर्ब असो, क्रोएट असो की बोस्नियाक, म्हणजे बॉस्नियातला मुस्लिम. आणि प्रत्येक नगरपालिकेने किती दावे निकालात काढले, किती घरांचा ताबा प्रत्यक्ष दिला, त्याचे आकडे नियमितपणे छापून सगळ्यांसमोर ठेवायचे.

यात नुसता हिशेब नव्हता. तोवर घर ही सौद्याची गोष्ट झाली होती. तुमच्यातले इतके आमच्याकडे परतू दे, मग आमच्यातले तितके तुमच्याकडे, अशी घासाघीस नेते करत होते. रांगेचा नियम आला आणि घर त्या घासाघिशीतून बाहेर निघालं. ते माणसाचं झालं, जमातीचं राहिलं नाही. सुमारे 2 लाख दावे होते. पाचेक वर्षांत त्यांतले 90 टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. सप्टेंबर 2004 पर्यंत विस्थापितांपैकी 10 लाख लोक परतल्याची नोंद झाली. ताबा मिळाल्यावर घर विकून दुसरीकडे गेलेलेही पुष्कळ होते, आणि त्यावर टीका झाली. मला ती पटत नाही. विकायचं की राहायचं हे ठरवण्याचा हक्क परत मिळणं, हेच तर मालकीचं परत मिळणं.

आणि त्या घरात तात्पुरते राहणाऱ्यांचं काय? तेही बहुधा स्वतः कुठून तरी हाकललेलेच होते. त्यांना रस्त्यावर काढून पहिल्याला आत घेणं म्हणजे एक अन्याय पुसायला दुसरा करणं. म्हणून ज्यांना खरोखर दुसरा आसरा नव्हता त्यांच्यासाठी पर्यायी निवाऱ्याची तरतूद करावी लागली. तर काही जण स्वतःचं घर परत मिळूनही दुसऱ्याचं सोडत नव्हते, त्यांना शोधून काढावं लागलं. दाराशी उभं राहून हे वेगळं करणं किती कठीण असेल, त्याची कल्पना करा.

तिथून जवळच्याच कोसोव्होत, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या अल्बेनियन बहुसंख्येच्या प्रांतात, अडचण आणखी वेगळी. जून 1999 मध्ये तिथून युगोस्लाव्ह फौजा मागे गेल्या तेव्हा जमिनीच्या नोंदींची बरीच दप्तरं सर्बियात नेली गेली होती. कोणता तुकडा कोणाचा, हे सांगणारं पुस्तकच जागेवर नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने तिथे घर आणि मालमत्तेसाठी एक संचालनालय आणि दाव्यांचा निवाडा करणारा आयोग नेमला. सुरुवातीला ते काम यूएन-हॅबिटॅटने, म्हणजे नैरोबीत मुख्यालय असलेल्या मानवी वसाहतींच्या संस्थेने चालवलं. दावे आले 29 हजारांच्या आसपास. 1989 नंतरच्या भेदभावाच्या कायद्यांमुळे फ्लॅट गमावलेले अल्बेनियन त्यात होते, आणि 1999 च्या उन्हाळ्यात जीव मुठीत घेऊन पळालेले सर्ब आणि रोमा लोकही होते. दोघांचंही दुःख एकाच टेबलावर, एकाच नियमाने तपासलं गेलं. माझ्या लेखी या संस्थांच्या अस्तित्वाचं कारण हेच आहे. जिंकलेला आणि हरलेला दोघांनाही जिच्याकडे जाता येईल अशी जागा युद्धानंतर देशाच्या आत बहुधा उरतच नाही.

या अनुभवांतून 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उपआयोगाने 23 तत्त्वं मान्य केली. ती तयार करणारे विशेष प्रतिवेदक, म्हणजे एका विषयाचा अभ्यास करून अहवाल देणारे तज्ज्ञ, होते ब्राझीलचे पाउलो सेर्जियो पिनेरो, म्हणून त्यांना पिनेरो तत्त्वं म्हणतात. घर परत मिळणं हा स्वतंत्र हक्क आहे, माणूस प्रत्यक्ष परतला नाही तरी तो टिकतो, असं ती म्हणतात. मालकाप्रमाणेच भाडेकरूचाही विचार करा म्हणतात. स्त्रीचा हक्क पुरुषाइतकाच धरा म्हणतात. आणि नोंदी जपा, नष्ट करू नका म्हणतात. या तत्त्वांना कायद्याचं बंधन नाही. पण वकिलाला बोट ठेवायला ओळ मिळाली.

ती ओळ किती लागते ते सीरियात दिसलं. एप्रिल 2018 मध्ये तिथे 10 क्रमांकाचा कायदा आला. सरकार एखादा भाग पुनर्विकासासाठी जाहीर करील, आणि ज्यांची मालकी दप्तरात नोंदलेली नाही त्यांनी 30 दिवसांत पुरावे आणून द्यावेत. त्या वेळी 50 लाखांहून अधिक सीरियन देशाबाहेर होते. बॉस्नियाचे 15 दिवस आठवले ना? या वेळी मात्र जगातून लगेच आवाज उठला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था बोलल्या, मदत संस्था बोलल्या, निर्वासितांना आसरा देणारी सरकारं बोलली. नोव्हेंबरमध्ये कायदा दुरुस्त होऊन मुदत एक वर्ष झाली. अडचण मिटली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याला मुखत्यारपत्र द्यायचं तर सुरक्षा खात्याची मंजुरी लागत होती, आणि परागंदा झालेला माणूस ती मागणार कुठल्या तोंडाने? तरी 30 दिवसांचं वर्ष झालं, तेही ओरड झाली म्हणून.

आता जरा तळाशी उतरू या. या सगळ्या संस्थांचे समन्वय गट असतात, बैठका असतात, ते असू दे. खरं काम छावणीतल्या टेबलाशी चालतं. नॉर्वेजियन रेफ्यूजी कौन्सिल ही 1946 पासूनची संस्था. तिचे वकील अनेक देशांत निर्वासितांना माहिती, सल्ला आणि कायद्याची मदत देतात. आणि तिथे घराचा प्रश्न बहुधा घरापासून सुरूच होत नाही. तो सुरू होतो लग्नाच्या दाखल्यापासून, मुलाच्या जन्माच्या नोंदीपासून, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यापासून. नवरा बेपत्ता आहे, मृत म्हणून नोंद नाही, घर त्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. ती बाई कायद्याच्या लेखी विधवाही नाही, वारसही नाही. तिला घर मिळवून द्यायचं तर आधी ती कोण आहे हे कागदावर सिद्ध करावं लागतं. त्यासाठी किती हेलपाटे पडतात हे त्या वकिलांना विचारावं.

ज्यांच्याकडे कधी कागदच नव्हता, त्यांचं काय? इराकच्या उत्तरेला सिंजार नावाचा भाग आहे, तिथे यझिदी या अल्पसंख्य धर्माचे लोक राहतात. 1970 च्या दशकात त्यांना डोंगराकडच्या गावांतून उठवून सरकारने सामूहिक वस्त्यांत आणून बसवलं. राहायला जागा दिली, मालकी दिली नाही. त्यांची एक पिढी तिथे जन्मून मोठी झाली. ऑगस्ट 2014 मध्ये आयसिसचा हल्ला झाला, कत्तल झाली, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. परतायची वेळ आली तेव्हा हे घर माझं होतं असं सांगायला हातात काही नव्हतं. यूएन-हॅबिटॅटने तिथे वस्त्यांमध्ये जाऊन दावे गोळा केले, जागा नकाशावर मांडल्या, कोण कुठे राहत होतं याची स्थानिक लोकांकडून खातरजमा केली आणि वहिवाटीची प्रमाणपत्रं दिली. हे मालकीपत्र नव्हे, श्रोतेहो. पण त्या प्रमाणपत्रांच्या पायावर पुढची बोलणी झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये इराकच्या मंत्रिमंडळाने या वस्त्यांतल्या यझिदींची मालकी मान्य केली. सत्तेचाळीस वर्षांनंतर.

मी फक्त यशाच्या गोष्टी सांगितल्या तर तुमची फसवणूक होईल. डिसेंबर 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनसाठी समेट आयोग नेमला. त्या आयोगाने निर्वासित अरबांच्या जमिनींची तुकड्या-तुकड्याने यादी केली. 1964 मध्ये काम पुरं झालं तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास नोंदपत्रं तयार होती. ती जपलेली आहेत. त्यांच्या आधारे घरं मात्र परत मिळाली नाहीत, कारण दोन्ही पक्षांना मान्य असा तोडगाच निघाला नाही. या संस्थांकडे फौज नसते. पुरेशा घराच्या हक्कासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली विशेष प्रतिवेदकाचं पद निर्माण केलं, त्यावर पहिले आले भारताचे मिलून कोठारी. त्या पदाच्या हातात असतं काय? भेट देणं, सरकारला पत्र लिहिणं, अहवाल मांडणं. सरकारने आधीच एखाद्या न्यायालयाचा अधिकार मानलेला असेल, तर थोडं बळ येतं. तुर्कस्तानच्या फौजेच्या ताब्यातल्या उत्तर सायप्रसमधली आपली जमीन वापरता येत नाही म्हणून तितिना लोइझिदू युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. 1996 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तुर्कस्तानने भरपाईचे पैसे प्रत्यक्ष दिले डिसेंबर 2003 मध्ये. पैसे मिळाले, जमीन मिळाली नाही.

तरीही नोंद आधी करून ठेवण्याला मी मोल देतो, कारण तोडगा निघेल तेव्हा यादी हाताशी नसेल तर बॉस्नियासारखं काही घडूच शकणार नाही. पूर्वी ही यादी युद्धानंतर, कधी वर्षानुवर्षांनंतर सुरू व्हायची. आता ती युद्ध चालू असताना सुरू झाली आहे. युक्रेनमधल्या नुकसानीची नोंदवही 2023 मध्ये कौन्सिल ऑफ युरोप या मानवाधिकारांसाठीच्या युरोपीय संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिली, तिचं कार्यालय हेगमध्ये आहे. भरपाई कोण देणार, कधी देणार, हे ठरायच्या आधीच 2 एप्रिल 2024 रोजी तिने लोकांचे दावे घ्यायला सुरुवात केली. दाव्यांचे अनेक प्रकार ठरले होते. त्यांतला सर्वांत आधी खुला केला तो मोडक्या आणि पडलेल्या घरांचा.

नमस्कार.