फेरी येईपर्यंत

(दृश्य : जुने गोवे, फेरीचा धक्का. सकाळचे पावणेआठ. पाण्यावर विरळ धुकं. फेरीबोट पलीकडे, दिवाडीच्या काठाला.)

फेरी पलीकडे आहे. म्हणजे दहा मिनिटं हातात आली. फेरीवाल्याला चहाची तलफ आली असेल, तर पंधरा.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरणारा रस्ता इथे मांडवीपाशी संपतो. सायकलवर पावाची टोपली बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला, गणवेशातली दोन पोरं, एक मालाचा टेंपो, सगळे उभे. रांगेच्या टोकाला स्कूटरवर एक ताई बसल्या आहेत. हेल्मेट अजून डोक्यावरच आहे आणि मोबाइल हँडलला टेकवलेला. पडद्यावर काचेच्या नळ्या, त्यांत लाल, निळं, पिवळं पाणी. एका नळीतलं दुसरीत ओतायचं, एका रंगाची एक नळी झाली की ती बाजूला. एवढाच खेळ.

ताई परिचारिका आहेत. पणजीकडच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करून घरी निघाल्या आहेत. घर नार्व्याला. ही फेरी, मग दिवाडी बेटावरून स्कूटर, मग दुसरी फेरी. दर खेपेला दोन वेळा पाणी ओलांडायचं.

त्यांना विचारलं, थकून आल्यावर परत मोबाइल कशाला? तर म्हणाल्या, "बाब, डोळे मिटले की वॉर्ड दिसतो. हे रंग बघत बसलं की तेवढा वेळ वॉर्ड दिसत नाही."

हे वाक्य आम्ही लिहून ठेवलं. त्याच्याकडे परत येऊच.

(दृश्य : फेरी धक्क्याला लागते. लोक उतरतात, चढतात.)

गोव्यात या फेरीवर पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. फुकट. पण डिझेल जळतं, खलाशाला पगार लागतो, तो सरकारी तिजोरीतून जातो, आणि तिजोरी तुमच्याआमच्या करांची. इथलं फुकट कोणाच्या खिशातून येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ताईंच्या हातातला खेळही फुकट आहे. त्याचं डिझेल कोण भरतं?

(दृश्य : जुना की-पॅडचा फोन. हिरव्या पडद्यावर सरपटणारा साप.)

एक काळ असा होता की हा प्रश्नच नव्हता. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनमध्ये साप आला. तानेली आर्मान्तो या फिनलंडच्या अभियंत्यानं तो बसवला होता. फोन घेतला की साप सोबत यायचा. जाहिरात नाही, खरेदी नाही. चवथीला घरी आलेले काका गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून आमच्या सापाचा विक्रम मोडायचे आणि वर आम्हालाच शिकवायचे.

त्याआधी, १९९० मध्ये, विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. माऊसनं वस्तू उचलून सरकवण्याचा सराव व्हावा, हा त्यामागचा एक हेतू. वेस चेरी नावाच्या शिकाऊ कामगारानं तो लिहिला, आणि त्याला त्याची रॉयल्टी म्हणून एक छदामही मिळाला नाही. सरकारी कचेऱ्यांत मात्र माऊसचा सराव वर्षानुवर्षं चालू राहिला.

आणि टेट्रिस. १९८४, मॉस्को. अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो ज्या संगणकावर रचला, त्याला चित्रं काढताच येत नव्हती. म्हणून पडणाऱ्या विटा त्यांनी टंकातल्या कंसांनी काढल्या. या खेळात कोणी शेवटी जिंकत नाही. विटा पडतात, आपण रचतो, ओळ भरली की नाहीशी होते.

ताईंचं वाक्य इथे जुळतं. एमिली होम्स या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ऑक्सफर्डमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना अपघात-जखमांची अंगावर येणारी दृश्यं दाखवली. अर्ध्या तासानं निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिला, बाकीच्यांना नुसतं बसवलं. पुढच्या आठवड्यात टेट्रिस खेळलेल्यांना ती दृश्यं आपोआप डोळ्यांसमोर येण्याचे प्रसंग कमी आले. काय घडलं असेल, त्याचा अंदाज असा : मनात चित्र पक्कं व्हायला जी जागा लागते, तीच जागा विटा फिरवून बसवायला लागते. दोघांना एकाच वेळी तिथे बसता येत नाही.

प्रयोगशाळेतला चित्रपट वेगळा आणि रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरून आलेलं माणूस वेगळं. हा उपचार आहे असं आम्ही म्हणत नाही. पण रंगीत पाणी ओतणाऱ्या ताईंना आपण काय करतोय ते कळतं, एवढं नक्की. नुसतं बसलं तर वॉर्ड परत येतो. बातम्या उघडल्या तर दुसराच वॉर्ड. डोळ्यांना आणि बोटांना काहीतरी हलकं काम हवं, आणि हरलं तरी कोणाचं बिघडू नये.

(दृश्य : दिवाडीचा रस्ता. दोन्हीकडे खाजन शेतं, बगळे. स्कूटर पाठमोरी जाते.)

(दृश्य : मोबाइलचा पडदा. खेळ थांबतो, पडदाभर जाहिरात.)

तर डिझेल. तीन नळ्या भरल्या की जाहिरात येते. ती बंद करायची फुली मोहरीएवढी, आणि पहिली काही सेकंदं तीही नसते. बोट जरा चुकलं की आपण दुकानात. या जाहिरातीचे पैसे खेळ बनवणाऱ्याला मिळतात. दुसरी तऱ्हा जरा लाघवी आहे : "जाहिरात पाहा, एक जादा नळी मिळवा." आपण आपल्या पायांनी जातो, म्हणून राग येत नाही.

तिसरी तऱ्हा अडवून धरण्याची. २०१२ साली आलेल्या कँडी क्रश सागामध्ये पाच जीव असतात. हरलं की एक जातो, आणि तो परत मिळायला अर्धा तास. थांबा, मित्राकडे मागा, नाहीतर पैसे द्या. बहुतेक लोक कधीच पैसे देत नाहीत. जे थोडे देतात, त्यांच्यावर हे गाडं चालतं.

आता माझं. हो, निवेदकाचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलमध्ये एक शेत होतं. खेळाचं नाव घेत नाही. मनाला शांती म्हणून घेतलं होतं. त्यातला मका वेळेत काढला नाही तर करपायचा. एका पहाटे तीन वाजता गजर लावून मी उठलो आणि अंथरुणातच मका काढला. सकाळी आई म्हणाली, "मागच्या कुळागरात शिंपणं कधी लावणार आहेस? चार दिवस सांगतेय." खऱ्या पोफळी वाळत होत्या. मक्याला मी एकशे एकोणतीस रुपयांचं खतही घेतलं होतं.

(दृश्य : रात्र. पणजी. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटी, पाण्यात हलणारे दिवे.)

याच नदीवर खाली, पणजीपाशी, दुसऱ्या तऱ्हेच्या बोटी आहेत. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या बोटींना. २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला मनाई आहे. जत्रेतला गडगडा, म्हणजे फाशांचा जुगार, मात्र आमच्या आजोबांनीही पाहिलेला. फासा कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून माणूस हलत नाही. अमेरिकेच्या बी. एफ. स्किनर यांनी हेच कबुतरांवर दाखवलं होतं. दर वेळी दाणा दिला, तर दाणा बंद झाला की कबूतर लवकर थांबतं. कधी दिला, कधी नाही, असं केलं तर दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ टोचत राहतं.

२०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. विरंगुळ्याचे खेळ त्यात येत नाहीत, येऊही नयेत. पण खेळ उघडल्या उघडल्या "आजचं चाक फिरवा" असं म्हणत एक रंगीत चाक समोर येतं ना, ते पाहताना मला दर वेळी मांडवीतले दिवे आठवतात. पैसे लावलेले नाहीत. लावलेली असते ती उद्याची हजेरी.

(दृश्य : सत्तरी तालुक्यातलं एक घर. पाऊस. सोप्यावर बसलेले आजोबा, कंदील, मोबाइल.)

वाळपईच्या पलीकडे, आषाढ. दुपारपासून वीज नाही, नेटवर्क तर सकाळीच गेलं. निवृत्त शिक्षक असलेले हे आजोबा सोप्यावर बसून सुडोकू सोडवताहेत. त्यांचा नातू वैतागून आत निजलाय, कारण त्याच्या सगळ्या खेळांना नेट लागतं.

आजोबांच्या मोबाइलमध्ये सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरनं केलेला कोड्यांचा संग्रह आहे. चाळीसेक कोडी. जाहिरात एकही नाही, विकत घ्यायचं काही नाही, नेट नको. त्यानं सगळा कोडच जगाला मोकळा करून दिलाय. रूप अगदी कचेरीतल्या फॉर्मसारखं रुक्ष. आजोबांना त्याचं काही नाही. "फळ्यावर खडू असाच दिसायचा," म्हणाले.

सुडोकू जपानी, असं ते समजत होते. नाव जपानी आहे, निकोली या प्रकाशनानं १९८४ मध्ये दिलेलं. कोडं मात्र अमेरिकेच्या हॉवर्ड गार्न्सचं, १९७९ मधलं. हे सांगितल्यावर आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मग नऊ कुठे बसतो ते सांग."

नेट नसल्याचा आणखी एक गुण आमच्या ध्वनिमुद्रकाला त्याच सोप्यावर सापडला. जाहिरात नेटवरून येते. डेटा बंद केला की तिला यायला वाट नाही. काही खेळ यावर रुसतात आणि उघडतच नाहीत. कोणता खेळ कोणाच्या पोटासाठी चाललाय, ते अशा वेळी चटकन कळतं. उतरवून घेण्याआधीच पाहायचं असेल, तर प्ले स्टोअरवर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : जाहिराती आहेत, ॲपमधील खरेदी आहे. आम्ही सगळेच ते न वाचता खाली सरकतो.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. वाळूच्या टेकड्या, सूर्यास्त, घसरत जाणारी एक लहान आकृती.)

आमच्या संकलकाचा जीव या खेळावर. ऑल्टोज ओडिसी, २०१८ चा. अँड्रॉइडवर जाहिरातींसह फुकट मिळतो. एक माणूस फळीवरून वाळूच्या टेकड्या उतरत जातो. बोट टेकवलं की उडी, धरून ठेवलं की कोलांटी. दिवस मावळतो, पाऊस येतो, पहाट होते. त्यात 'झेन' नावाचा एक कप्पा आहे. त्यात गुण नाहीत, नाणी नाहीत. पडलात तर उठायचं आणि पुढे. त्याचं संगीतही निराळं ठेवलंय. हेडफोन लावून खेळणारा आमचा संकलक तासाभरानं डोकं वर काढतो आणि म्हणतो, कुठवर आलो होतो आपण? त्यामुळे एकंदर कामाच्या दृष्टीनं हा खेळ फार चांगला, असं मी म्हणणार नाही.

मला स्वतःला भावला तो जपानी मांजरांचा. नेको आत्सुमे, २०१४. अंगणात वाटीभर खाणं ठेवायचं, एक चेंडू, एक खोकं. आणि खेळ बंद करायचा. मांजरं येतात ती आपण नसताना. मग कधीतरी उघडलं की कोणी खोक्यात निजलेलं असतं, कोणी खाऊन निघून गेलेलं, जाताना चांदीचे मासे ठेवून. आलं नाही तर नाही. कोणी रागावत नाही, काही करपत नाही.

हे जपानी कुठे, आमच्या सोप्याचीच ही रीत. दार उघडं ठेवायचं, सुपारी कातरत बसायचं. येणारा येतो, गजाली होतात, उठून जातो. बोलावणं कोणी पाठवत नाही. शेताच्या खेळानं मला पहाटे तीनला बोलावणं पाठवलं होतं. तेव्हापासून नवा खेळ घेतला की मी पहिल्यांदा त्याच्या सूचना बंद करतो. माझ्यापुरती परीक्षा इतकीच : चार दिवस मी फिरकलो नाही, तर हा खेळ तोंड फुगवून बसतो का?

(दृश्य : दिवाडीचा पलीकडचा धक्का. समोर नार्वे. खारफुटी, ओहोटीचा चिखल.)

पुन्हा ताई. दुसरी फेरी अजून नार्व्याकडेच आहे.

हे पाणी ओलांडून देवही गेलाय. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांच्या काळात पाडलं गेलं आणि देव पलीकडे नार्व्याला आला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. ताईंचं घर त्याच वाटेवर आहे.

त्यांना विचारलं, "घरी गेल्यावर खेळता?"

"घरी कुठला खेळ! पेज टाकायची, मुलाचा डबा, सासूबाईंची गोळी. फेरीवरच काय ते."

"आणि लेव्हल अर्धी राहिली तर?"

"राहते की. संध्याकाळी येतेच आहे ना परत."

(दृश्य : फेरी येते. लोखंडी फळा धक्क्यावर आपटतो. ध्वनी : साखळ्या, इंजिन.)

पडद्यावर अजून चार नळ्या बाकी आहेत. एकीत निळ्यावर पिवळं पाणी तसंच. ताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि स्कूटरला किक मारली.