बाटली क्रमांक ५३-एन

(दृश्य : पाऊस, पाड्याची वाट)

त्र्यंबकेश्वर तालुका. सिस्टरच्या खांद्यावर निळा व्हॅक्सीन कॅरिअर. आत चार आइसपॅक, मधोमध लसीच्या बाटल्या. तापमान २ ते ८ अंशांतच राहायला हवं.

(क्लोजअप : बाटली)

उष्णतेने रंग बदलणारा हा चौकोन बघा. भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका आहे, म्हणजे लस चालेल. दोघांचा रंग एक झाला की बाटली बाद. गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची.

कोणती लस, कितव्या महिन्यात, किती डोस, याचा सल्ला केंद्राला देतो राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट, म्हणजे एनटीएजीआय. स्थापना २००१. त्यात सचिव आहेत, तसे बालरोगतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ आणि प्राध्यापकही आहेत. सद्भावनेने दिलेल्या सल्ल्यासाठी अशा तज्ज्ञांवर खटला होऊ नये, असं आमचं म्हणणं. प्रामाणिक कामाची किंमत कशी मोजावी लागते, हे एका जुन्या बाटलीने दाखवून दिलंय.

(जुनं छायाचित्र : हाफकिन)

हे वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःलाच टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल. १०७ जणांना लस दिली गेली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, ५३-एन. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले. मुल्कोवालातच बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, हे नंतर उजेडात आलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

(दृश्य : कायद्याचं पान)

त्याच प्लेगने आपल्याला १८९७चा साथरोग कायदा दिला. कलम ४ : या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही. पण एनटीएजीआय कायद्याने नाही, सरकारी आदेशाने उभा आहे. फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८प्रमाणे काही लोकसेवकांवरच्या खटल्याला सरकारची मंजुरी लागते. नाशिकमधून एखादा प्राध्यापक अशा समितीवर गेला, तर तो या कलमात बसतो का? ते ठरणार खटला उभा राहिल्यावर! आमची मागणी एवढीच, की अशा सदस्यांना संरक्षण आहे, हे आधीच कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावं. निष्काळजी माणूस यातून सुटत नाही. आपल्या फौजदारी कायद्यात सद्भावना म्हणजे योग्य काळजी आणि लक्ष.

अमेरिकेत अशा सल्लागारांच्या कामावरून झालेला नुकसानभरपाईचा दावा सहसा थेट सरकारवर जातो. तरीही जून २०२५ मध्ये तिथल्या लसीकरण समितीचे सगळे १७ सदस्य एका फटक्यात काढले गेले. दाव्यापासूनचं संरक्षण तिथे उपयोगाचं नव्हतं. म्हणून मुदतीआधी कारण न देता काढता येणार नाही, हेही त्याच कायद्यात हवं.

आणि लसीनंतर ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ते? कोविड लसीबाबत केंद्राने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावं.

(दृश्य : अंगणवाडी, ओटा)

नऊ महिन्यांची मुलगी. उजव्या दंडावर गोवर-रुबेलाची सुई. सिस्टर कार्डावर तारीख लिहिते, आईला सांगते, "ताई, अर्धा तास इथेच बस."

(निवेदन थांबतं. पावसाचा आवाज.)