परत पळणाऱ्या मुली

सोलापूर. सकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात इथे सरावाची वेळ ऊनच ठरवतं. मातीच्या मैदानावर चुन्याने आखलेलं हँडबॉलचं मैदान: 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद, दोन्ही टोकांना सहा मीटरची 'डी', म्हणजे गोलासमोरचा अर्धगोल. आरडाओरडा मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्येही.

या मुली मोबाइलवर नॉर्वेच्या महिला संघाचे गोल बघतात. डीच्या वर झेप, मनगटाची फिरकी, जाळीत चेंडू. क्लिप तिथेच संपते. आणि नेमकं पाहण्यासारखं त्याच्यानंतर सुरू होतं: बचावासाठी परत पळणं.

पॅरिस ऑलिंपिक, 2024. पहिल्याच सामन्यात स्वीडनने नॉर्वेला 32-28 असं हरवलं. पुढे काय झालं बघा. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला अवघे 15 गोल करता आले. उपांत्य फेरीत डेन्मार्कला 21. लील शहरातल्या अंतिम सामन्यात गतविजेत्या, यजमान फ्रान्सलाही 21च, नॉर्वेचे 29. सुवर्णपदक!

नॉर्वेची गोलरक्षक कात्रिने लुंडे, तेव्हा वय 44. तिच्यापुढे सहा जणींची भिंत. पण ही भिंत उभी राहायची तर सगळ्यांनी वेळेत मागे यायला हवं. हँडबॉलमध्ये चेंडू घेऊन तीनच पावलं टाकता येतात, हातात तीनच सेकंद धरता येतो. गोल झाला की मध्यरेषेवरून लगेच खेळ सुरू. तुम्ही टाळ्या देत बसलात, की तिकडे गोल झालाच म्हणून समजा.

युरोपात बोटांना चिकट रेझिन लावून खेळतात. इथे लावलं तर चेंडूला अर्धं मैदान चिकटेल! बंदिस्त कोर्ट, लाकडी फ्लोअर, हा फरक मोठाच. आपला महिला संघ अजून ऑलिंपिकपर्यंत पोचलेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा नवी दिल्लीत भरली, आपल्या मुली घरच्या प्रेक्षकांसमोर खेळल्या. विजेतेपद जपानने नेलं.

परत पळायला मात्र ना रेझिन लागतं, ना लाकडी फ्लोअर. शाळेच्या सामन्यांत हेच सगळ्यात कमी दिसतं, कारण टाळ्या फक्त गोलाला पडतात.

"मागं पळ की गं!" सर ओरडतात.

आजच्या सरावाचा नियम: शॉट मारला की वळून आपल्या डीपर्यंत यायचं. एक जरी उशिरा पोचली, तरी तो गोल धरायचा नाही.