लॉख कॉरिब: मेफ्लाय उठते तेव्हा

[दृश्य: कॉरिबकाठच्या ऊख्टरार्ड गावाचा धक्का, सकाळ. काठाला बांधलेल्या लाकडी होड्या.]

मे महिना अर्धा सरला की आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यात, माणसं भेटल्या भेटल्या एकमेकांना विचारतात, "उठली का?" कोण उठली, हे सांगावं लागत नाही. मेफ्लाय. लॉख कॉरिब तळ्याच्या गाळातून वर येणारी, पोपटी झाक असलेल्या पंखांची एक नाजूक माशी. ती उठली की ट्राउट मासे वर येतात, आणि ट्राउटच्या मागोमाग गळकरी.

कॉरिब हे आयर्लंड प्रजासत्ताकातलं सर्वांत मोठं तळं. सुमारे 176 चौरस किलोमीटरचा पसारा. उत्तरेचा भाग डोंगरांत शिरलेला आणि खोल, दक्षिणेचा उथळ. शेवटी कॉरिब नदी जेमतेम 6 किलोमीटर वाहून गॉलवे शहरात समुद्राला मिळते.

[दृश्य: कॉंग गावाजवळचा कोरडा कालवा.]

या तळ्याची गोष्ट मात्र त्याच्या खालच्या दगडापासून सुरू होते. कॉंग गावाजवळ हा कालवा बघा. बटाट्याच्या दुष्काळाच्या वर्षांत, 1848 मध्ये, वरचं लॉख मास्क तळं कॉरिबला जोडायला तो खोदायला घेतला. उपाशी माणसांनी हे दगड फोडलेत. 1854 मध्ये काम थांबलं, कारण इथल्या चुनखडीला इतक्या भेगा आणि पोकळ्या आहेत की कालव्यात पाणी ठरेना. लॉख मास्कचं पाणी आजही जमिनीच्या पोटातून वाट काढत कॉंगला झऱ्यांवाटे वर येतं आणि कॉरिबमध्ये उतरतं. होड्यांना नडलेली हीच चुनखडी माशांच्या पथ्यावर पडली. तिच्यातून आलेल्या पाण्यात गोगलगायी, झिंग्यांसारखे बारके जीव आणि किडे मुबलक पोसले जातात. त्यांच्यावर ट्राउट पोसतो.

हा ट्राउट रानटी आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला ट्राउट माहीत आहे तो काश्मीरचा किंवा हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्याचा. तिथे तो ब्रिटिश अमदानीत, 1900 च्या आसपास आणि त्यानंतर, अंडी आणून वसवला गेला. कॉरिबचा तपकिरी ट्राउट कुणी आणलेला नाही. हिमयुगाचा बर्फ वितळल्यावर तो समुद्रातून नद्यांवाटे आपण होऊन आला आणि राहिला. थंडीच्या तोंडावर तो आसपासच्या ओढ्यांत चढतो, मादी वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते, पिल्लं ओढ्यात वाढतात आणि मग तळ्यात उतरतात.

[दृश्य: होडी धक्क्यावरून निघते. गिली इंजिनाशी.]

आमच्याबरोबर आहेत इथले एक गिली. गिली म्हणजे होडी, पाणी आणि पाहुणा, तिन्ही सांभाळणारा वाटाड्या. होडी सुमारे 19 फुटी, फळीवर फळी चढवून बांधलेली. मागे लहान इंजिन आणि दोन वल्ही. कॉरिब दिसतं मोकळं, पण पाण्याखाली वीतभर अंतरावर खडक दबा धरून आहेत. गिली समोर बघत नाहीत. उजवीकडचं एक झाड आणि लांबचं एक घर एका रेषेत आलं की सुकाणू वळवतात. अनोळखी माणसानं या पाण्यावर एकट्यानं होडी हाकू नये, हे मी मनापासून सांगतो. आणि गंमत अशी की मासा मिळतो तो याच खडकांच्या भोवती, कारण त्याचं खाणं तिथेच असतं.

वारा नैर्ऋत्येचा. आकाश भरलेलं. गिलींना हवी तशी हवा. पाणी आरशासारखं असलं तर ट्राउटला होडी दिसते, दोरी दिसते, सगळंच दिसतं. लाट हवी.

[दृश्य: पाण्याच्या पृष्ठभागावर मेफ्लाय. अगदी जवळून.]

आता हिच्याकडे बघा. आज पाण्यावर आलेली ही माशी गेली साधारण दोन वर्षं तळाच्या गाळात बीळ करून राहत होती. मे महिन्यात पाणी पुरेसं उबदार झालं की ती पोहत वर येते. पृष्ठभागावर तिची जुनी कात पाठीवर उलते, आतून पंख निघतात, आणि ते वाळून उडता येईपर्यंत ती लाटेवर तशीच बसून राहते, शिडाच्या होडीसारखी. ट्राउटला हेच क्षण हवे असतात. यातून वाचली तर ती काठावरच्या झुडपांत जाते, तिथे पुन्हा एकदा कात टाकते आणि काचेसारख्या पंखांची होते. तिला आता खाता येत नाही. तोंड निकामी झालेलं असतं. उरलेल्या थोड्या वेळात जोडीदार शोधायचा, पाण्यावर येऊन अंडी सोडायची, आणि पंख पसरून तिथेच संपायचं.

याच झुडपांतून शाळकरी पोरं मेफ्लाय गोळा करून गळकऱ्यांना विकत आली आहेत. जिवंत माशी लागते ती डॅपिंगसाठी. पंधरा-सतरा फुटी लांब काठी, तिला रेशमासारखी हलकी दोरी. होडीतून काठी उभी धरली की वाराच दोरी पुढे नेतो, आणि गळाला लावलेली मेफ्लाय पाण्याला टेकत, उचलत नाचत राहते. इथली ही जुनी रीत.

आम्ही मात्र फ्लाय टाकतोय. पिसं, लोकर आणि चंदेरी तार गळावर गुंडाळून बनवलेले नकली किडे. दोरीला अंतराअंतरानं तीन. आज सगळ्यात वरचा आहे गोल्डन ऑलिव्ह बंबल, न्यायमूर्ती टी. सी. किंग्समिल मूर यांनी बेतलेला. भरगच्च पिसांतून उजेड आरपार यावा, हा त्यामागचा विचार. हातात धरून आभाळाकडे बघितलं की तो मधासारखा चमकतो.

[दृश्य: इंजिन बंद. होडी वाऱ्याला आडवी.]

गिली इंजिन बंद करतात आणि होडी वाऱ्याला आडवी सोडतात. वारा होडीला खडकांच्या कडेकडेनं वाहून नेतो. ते एका वल्ह्यानं तिला इंच इंच सावरतात. बसूनच मासेमारी करायची. होडीत उभं राहणं त्यांना अजिबात खपत नाही. दोरी फार लांब टाकायची नाही. पुढे टाकायची, ओढत आणायची, आणि शेवटी काठी हळूहळू वर उचलत नेऊन वरचा फ्लाय लाटेच्या माथ्यावरून घासत न्यायचा. नवखा माणूस नेमका इथेच घाई करतो आणि फ्लाय उचलून पुन्हा फेकतो. ट्राउट तर बऱ्याचदा होडीपर्यंत माग काढत येतो आणि याच शेवटच्या हातभर अंतरात तोंड उघडतो.

"थांब," गिली म्हणाले. लाटेच्या पोटात पिवळसर काहीतरी वळलं. मला वाटलं उजेड. पुढच्या क्षणी फ्लाय दिसेनासा झाला. "वळू दे त्याला. खाली वळू दे." माशानं फ्लाय तोंडात घेऊन तोंड खाली केलं, मगच काठी उचलली, आणि ती मुठीपासून वाकली.

मासा थेट होडीखाली घुसला. दोरी होडीच्या बुडाला घासू नये म्हणून काठीचं टोक पाण्यात बुडवून होडीला वळसा घालून न्यावं लागलं. त्यानं एकदा उडी घेतली, दोनदा खोल धाव. अखेर जाळीत आला.

[दृश्य: जाळीतला ट्राउट, पाण्यातच.]

कुशीवर पितळेचा रंग, पोटाकडे लोण्यासारखा फिका. काळे टपोरे ठिपके, अधूनमधून लाल, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. कॉरिबवर तेरा इंचांहून लहान ट्राउट ठेवता येत नाही आणि एका माणसाला दिवसाला चारच ठेवता येतात. हा सहज बसत होता मापात. तरी गिलींनी गळ सोडवला, मासा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून हातात अलगद धरला, आणि शेपटीनं हात झिडकारून तो गेला. त्यांनी मला विचारलंही नाही, आणि मला ते आवडलं.

[दृश्य: बेटावर चहा.]

दुपारी होडी बेटाला लावतात. चहाची किटली बघून कुणाही मराठी माणसाला घरचा तांब्याचा बंब आठवेल: मधे पोकळ नळकांडं, त्यात काटक्या पेटवायच्या, भोवतीनं पाणी. वाऱ्यात, ओल्या काटक्यांवरही काही मिनिटांत उकळतं. जवळच्याच इंचागोइल बेटावर जुन्या चर्चचे अवशेष आहेत, आणि एक उभा दगड. रोमन लिपीत कोरलेल्या आयर्लंडमधल्या अतिशय जुन्या लेखांपैकी एक त्याच्यावर आहे.

चहाबरोबर गप्पा निघाल्या, त्या माशांच्या नव्हत्या, पाण्याच्या होत्या.

2005 मध्ये कॉरिबच्या एका खाडीत लॅगारोसायफॉन नावाची पाणवनस्पती सापडली. मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, शोभेच्या तळ्यांत आणि मत्स्यपेट्यांत लावली जाणारी. इथे तिनं पाण्यात तळापासून वरपर्यंत दाट रान माजवलं. त्याखाली ऊन पोचेना, होडी जाईना, फ्लाय टाकायला जागा उरेना. ती कापली तर तुकड्यांतून पुन्हा उगवते. मग तळावर तागाचं विणलेलं कापड अंथरण्याचा उपाय निघाला. होय, आपलं गोणपाट ज्याचं बनतं तो ताग. त्याखाली ही वनस्पती उजेडाविना मरते. तळ्यातल्या मूळच्या वनस्पती मात्र विणीच्या फटींतून वर येतात, आणि काही काळानं कापड कुजून जातं. विष न वापरता केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी काळजी ओढ्यांची. गेल्या शतकात शेतजमिनींतलं पाणी लवकर निघून जावं म्हणून इथले ओढे यंत्रांनी खोल आणि सरळ केले गेले. त्यात अंडी घालायची वाळूगोट्यांची जागाच खरवडून गेली. आता गळकऱ्यांच्या मंडळांतले लोक आणि सरकारचं मत्स्यखातं मिळून ओढ्यांत पुन्हा गोटे टाकतात, वळणं घडवतात, काठाला कुंपण घालतात म्हणजे गुरं पात्रात उतरत नाहीत. हे पाणी आपलं आहे ही भावना इथे जुनी आणि जबर आहे. 1988 मध्ये सरकारनं ट्राउटच्या मासेमारीवर परवाना शुल्क बसवलं, तेव्हा पश्चिमेतल्या गळकऱ्यांनी ऐन मेफ्लायच्या दिवसांत होड्या काठावर ठेवल्या. शुल्क शेवटी मागे घ्यावं लागलं. आजही आयर्लंड प्रजासत्ताकात तपकिरी ट्राउट धरायला सरकारी परवाना लागत नाही. सॅमन माशाला लागतो.

[दृश्य: संध्याकाळ. होडी पुन्हा पाण्यावर.]

संध्याकाळी वारा पडतो आणि अंडी घालून संपलेल्या मेफ्लाय पाण्यावर पसरतात. या वेळी मासा उडी मारत नाही. नुसता ओठ वर काढून टिपत जातो. गिली वल्ही मारत त्याच्या वाटेच्या पुढे होडी नेतात आणि बोटानं जागा दाखवतात. आता एकच फ्लाय, कोरडा, तरंगता. तो माशाच्या पुढ्यात हलकेच पडला पाहिजे. पहिली फेक चुकली तर मासा खाली जातो.

हंगाम 15 फेब्रुवारीला उघडतो आणि 30 सप्टेंबरला बंद होतो. मेफ्लायसाठी मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा, आणि गिली हिवाळ्यातच ठरवून ठेवा, कारण त्या दिवसांत ते मोकळे मिळत नाहीत. जीवरक्षक जाकीट होडीत पाय ठेवण्याआधी घाला. आणि दुसऱ्या पाण्यावर वापरलेली जाळी, बूट, दोरी इथे आणण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा. काठी नसली तरी चालेल, गिलींकडे असते.